पाठीवरचा शिक्का

दिवाळी अंक तुळशीच्या लग्नापर्यंत हातात पडला तर इंदूरच्या मराठी घरांत तो वेळेवर आला असं धरतात. त्रिपुरी पौर्णिमा उलटली की कुरकुर सुरू होते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींना "तुमचा आला का?" असं विचारतात, ते अंकाबद्दलच असतं. पुण्याला फोन लावावा तर तिकडून सांगतात, "ताई, आम्ही वसुबारसेच्या आधीच सगळे टाकले." ते खोटं बोलत नसतात. इकडे पोस्टमनला गाठावं तर तो म्हणतो, "भाभीजी, मेरे पास जो आता है, उसी दिन बाँट देता हूँ." तोही खोटं बोलत नसतो. मधल्या सहाशे किलोमीटरांत काय होतं ते मात्र कुणालाच सांगता येत नाही, आणि माझं भांडण आहे ते त्या मधल्या सहाशे किलोमीटरांशी.

उशीर आम्हा इंदूरकरांना नवा नाही. होळकरांच्या मागोमाग जी घरं माळव्यात आली, त्यांचं अर्धं गणगोत नर्मदेच्या पलीकडेच राहिलं, आणि बातमी नर्मदा ओलांडायची ती आपल्या सवडीने. पानिपतची लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते, माळव्यापर्यंत आले होते. 24 जानेवारीला भेलशापाशी, म्हणजे आजच्या विदिशापाशी, सावकाराचं पत्र घेऊन दक्षिणेकडे चाललेला एक जासूद, म्हणजे डाक पोचवणारा, त्यांच्या हाती लागला. दोन मोती, सत्तावीस मोहरा, पुढचं सांगायला नको. शाळेत आम्हाला त्यातल्या मोत्यांचं दुःख शिकवलं. आता या वयात मला वेगळंच खटकतं: पेशव्यांच्या स्वतःच्या फौजेचं काय झालं, हे पेशव्यांना पेढीच्या डाकेतून कळलं. दौलतीची डाक मागेच राहिली. म्हणजे सरकारी टपालापेक्षा खाजगी कुरिअर बरं, हे आपल्याकडे फार आधीच सिद्ध झालेलं आहे.

या उशिराचा हिशेब घरोघरच्या आज्यांना तोंडपाठ असे. मयताची बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस सुतक पाळायचं. दहा दिवस उलटल्यावर कळली तर तीन दिवस. वर्ष लोटल्यावर कळली तर नुसती आंघोळ. धर्मशास्त्रात याला अतिक्रांत आशौच असं भारदस्त नाव आहे. शास्त्रकारांनी बातमीच्या प्रवासाचीही तरतूद करून ठेवली होती, याचं मला फार कौतुक वाटतं. टपालखात्याला हे अजून जमलेलं नाही.

आमच्याकडे सांगली-मिरजेकडून मयताचं, कोपरा फाडलेलं कार्ड यायचं. ते घरात घेत नसत. ओसरीवरच वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. पण आजी फाडू द्यायची नाही लगेच. "आधी बघा, टाकलं कधी आणि आलं कधी." सुतकासाठी तिला या तारखांची गरज नव्हती, त्याला गेल्याची तिथी पुरे होती. तिला ठरवायचं असे की रुसायचं कुणावर. कार्ड तिकडून टाकायलाच आठवडा लागला असेल तर पुतण्यावर राग, आणि पुतण्याने दुसऱ्याच दिवशी टाकलं असेल तर पोस्टावर. तिचा पुतण्या एकदा असाच नुसत्या शिक्क्याच्या साक्षीवर सुटला होता.

ज्यांनी पत्रं पाहिलीच नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पत्रावर दोन शिक्के असायचे. एक समोरून, तिकिटावर अर्धा चढलेला: ज्या गावी पेटीत टाकलं त्या कचेरीचा. वर गावाचं नाव, मधे तारीख, आणि बहुतेक वेळा कितव्या निकासीत, म्हणजे पेटी उघडून पत्रं काढायच्या कितव्या फेरीत, निघालं तेही. दुसरा पाठीवर: ज्या कचेरीत येऊन पोचलं तिचा. पत्र वाट चुकून भलतीकडे गेलं असेल तर तिकडचाही शिक्का बसायचा. त्यामुळे पत्र उलटं केलं की त्याचा प्रवास समजायचा.

हे वाचन ज्याला म्हणतात ते करायचे माझे सासरे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि मिल बंद पडली तरी त्यांच्यातला हेडक्लार्क बंद पडला नाही. दुपारी पोस्टमन येऊन गेला की रामबागेतल्या वाड्याच्या दिंडीत खुर्ची टाकून बसायचे. आधी लिफाफ्याची पाठ, मग पोट, मग मजकूर. सुनेच्या माहेरचं पत्र असलं तरी पाठ आधी तेच बघणार. शिक्का पुसट असला की भिंग. त्याहून पुसट असला की लिफाफा तिरका धरून, उन्हाकडे करून, ओठ हलवत एकेक आकडा जुळवायचे. "सोमवारी पुण्याहून निघालंय. शुक्रवारी इंदुरात. आणि आज मंगळवार. म्हणजे पुण्याची चूक नाही, रेल्वेची नाही. हे इथेच पडून होतं." मग लिफाफ्यावर कोपऱ्यात पेन्सिलीने दोन तारखा, आणि लिफाफा फाइलीत.

फाइल पुरेशी जाड झाली की तक्रार. ती हिंदीत, फुलस्केपवर, समास सोडून, मुद्द्यांना आकडे घालून, आणि सोबत लिफाफे. महिन्या-दोन महिन्यांनी "भारत सरकार सेवार्थ" छापलेल्या तपकिरी पाकिटातून उत्तर यायचं. (त्या पाकिटाचीही पाठ नाना आधी बघायचे, हे ओघाने आलंच.) कधी नुसतंच "असुविधा के लिए खेद है". पण कधी खरोखर कुणीतरी शोध घेतलेला असायचा: अमुक तारखेची थैली चुकून पुढच्या स्थानकावर उतरवली गेली, तिकडून परत यायला चार दिवस लागले. असं उत्तर आलं की नाना दिवसभर खुशीत. आजूबाजूला वाचून दाखवायचे. त्यांना भरपाई नको होती, माफीचंही फारसं काही नव्हतं. चूक कुठे झाली एवढं कळलं की त्यांचा राग निवायचा.

तेव्हाही टपालाला वेळ लागायचाच, आणि त्याला सबळ कारणं होती. मुंबई-भुसावळकडून येणारी मोठी गाडी खांडव्याला, आणि तिथून इंदूरला मीटरगेज. म्हणजे खांडव्याच्या फलाटावर सगळ्या थैल्या एका गाडीतून काढून दुसरीत भरायच्या. रेल्वे मेल सर्व्हिसचे लोक धावत्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्रांची वर्गवारी करायचे. स्टेशनावर आरएमएसची पेटी असायची. नेहमीची निकासी चुकली तर लेट फीचं जादा तिकीट लावून तिथे पत्र टाकायचं, म्हणजे त्याच रात्रीच्या गाडीने जायचं. धावत्या गाडीतली ती वर्गवारी ऐंशीच्या दशकात संपली आणि काम मोठ्या शहरांतल्या केंद्रांकडे गेलं. खांडव्याचा मीटरगेजही आता ब्रॉडगेज होण्यासाठी उखडला आहे, आणि पुण्याची रेल्वे आमच्याकडे वसई, बडोदा, रतलाम असा वळसा घालून येते.

रस्ता मात्र सरळ आहे. संध्याकाळी पुण्याहून सुटलेली लक्झरी बस धुळे-सेंधवा करत सकाळी इंदुरात असते. त्या बसमधून आमच्याकडे काय येत नाही? बाकरवडी, आंब्यांच्या पेट्या, नव्याने बाळंत झालेल्या लेकीसाठी डिंकाचे लाडू, विसरलेला चष्मा. ड्रायव्हरच्या हातावर काहीतरी टेकवायचं, बसचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, आणि सकाळी कुणीतरी स्कूटरवर जाऊन उतरवून घ्यायचं. बाकरवडी मऊ पडायच्या आत पोचते, आणि त्याच शहरातून त्याच दिवशी निघालेल्या साध्या पत्राचा पंधरवडाभर पत्ता नसतो. तेव्हा अंतर, घाट, नर्मदा या सबबी आता कुणी सांगू नयेत.

पत्ता ही आणखी एक सबब. पत्ता नीट नसेल हो, असं काऊंटरवर हमखास ऐकवतात. एकेकाळी त्यात तथ्य होतं. पुण्याजवळ तळेगावच्या पलीकडे इंदोरी नावाचं गाव आहे. निजामाबादचं जुनं नाव इंदूर. त्यामुळे घाईत लिहिलेलं पत्र तिकडे जाणं अगदीच अशक्य नव्हतं. पण यावरचा उपाय 15 ऑगस्ट 1972 पासून आपल्याकडे आहे, आणि तो काढणारे मराठीच होते: श्रीराम भिकाजी वेलणकर. टपालखात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांचा पिनकोड म्हणजे सहा आकड्यांत बसवलेला पत्ता: पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन खुद्द पोस्ट ऑफिसचे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचाही पहिला आकडा 4. पुणे 411, इंदूर 452. म्हणजे टपालाच्या नकाशावर आपण एकाच आळीतले. 452 लिहिल्यावर पत्र तळेगावला किंवा निजामाबादला जायचं काही कारण उरत नाही, आणि माझ्या पत्रांवर पिनकोड नसतो असं तर नाहीच.

मग पत्र अडतं कुठे? मला समजलेलं सांगते. चूक असेल तर खात्यातल्या कुणीतरी दुरुस्त करावं. हल्ली पोस्टमनची पिशवी बघा. आधार कार्डं, एटीएम कार्डं, पासपोर्ट, ऑनलाइन मागवलेली खोकी. यातल्या प्रत्येकावर बारकोड असतो, मोबाइलवर नोंद करावी लागते, सही किंवा ओटीपी घ्यावा लागतो. ते वेळेत वाटलं नाही तर वरच्याच्या स्क्रीनवर लाल दिसतं. साध्या पत्राचं काहीच कुठे दिसत नाही. ते आज वाटलं काय, पुढच्या सोमवारी वाटलं काय, कुठल्याच तक्त्यात फरक पडत नाही. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस कोणती थैली आधी सोडेल? पोस्टमनच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. त्याचं बीट वाढलेलं, कॉलनीच्या जागी मजल्यांवर मजले चढलेले, लिफ्ट बंद. त्याच्यावर आवाज चढवणाऱ्या लोकांचा मला राग येतो.

साध्या पत्राची नोंद पूर्वी एकच होती, ती म्हणजे पाठीवरचा शिक्का. तोच आता बसत नाही. गेल्या काही वर्षांतले लिफाफे काढून पाहिले तर बहुतेकांची पाठ कोरी. समोरचा शिक्का असलाच तर शाईचा नुसता डाग. त्यात ना गाव, ना तारीख. कधी तिकिटावर बॉलपेनने मारलेली रेघ. म्हणजे उशीर झाला एवढंच माझ्याकडे, तो कुणामुळे झाला हे कुणाकडेच नाही. काऊंटरवर तक्रार सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "नंबर?" साध्या पत्राला नंबर नसतो म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मैडम, स्पीड पोस्ट किया करो ना. साधारण का कोई भरोसा नहीं." हे वाक्य खुद्द पोस्टाच्या खिडकीतून ऐकायला मिळावं, याची मला अजूनही मौज वाटते.

कायदा काय म्हणतो ते एकदा वाचून काढलं. 1897 चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट सांगतो की पत्ता बरोबर घालून, पैसे भरून, रजिस्टर पोस्टाने कागद पाठवला की नेहमीच्या क्रमाने टपाल जेव्हा पोचायला हवं तेव्हा तो पोचला असं धरायचं. उलट सिद्ध करायचं असेल तर ते तुम्ही करा. आणि पुढच्याच वर्षीचा, 1898 चा पोस्ट ऑफिस अ‍ॅक्ट, कलम 6, सांगतो की पत्र हरवलं, चुकलं, उशिरा पोचलं किंवा खराब झालं तर सरकार जबाबदार नाही, जिथे सरकारने स्वतःहून जबाबदारी घेतली असेल तेवढं सोडून. पत्र वेळेत आलं असं गृहीत धरणारा कायदा आणि न आल्यास कानावर हात ठेवणारा कायदा, दोन्ही पाठोपाठच्या वर्षांत, एकाच सरकारने केलेले. चेक न वटल्याच्या नोटिसांत पहिल्या कायद्यावर अजून लोक कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

1898 चा कायदा आता गेला. 2023 चा नवा कायदा 18 जून 2024 पासून लागू आहे. जुन्या कायद्यात पत्रं वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारचा होता. म्हणूनच कुरिअरवाले पाकिटाला पत्र न म्हणता "डॉक्युमेंट" म्हणायचे. एकाधिकार होता तेव्हा जबाबदारीतून सूट का, याला एक मोडकंतोडकं उत्तर तरी होतं: आम्ही डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत जातो, दुसरं कुणी जात नाही, प्रत्येक पत्राची भरपाई द्यायला लागलो तर दिवाळं निघेल. नव्या कायद्याने एकाधिकार सोडून दिला. जबाबदारीतली सूट मात्र तशीच ठेवली.

स्पीड पोस्टाचं वेगळं आहे. ते 1986 सालच्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि त्यात खात्याने थोडी जबाबदारी पत्करली: उशीर झाला तर घेतलेलं शुल्क परत, हरवलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं जे कमी असेल ते. 2025 साली रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. म्हणजे आता दोनच जाती उरल्या: माग असलेलं टपाल आणि माग नसलेलं टपाल. पहिल्याला पैसे मोजा. दुसऱ्यासाठी 50 पैशांचं कार्ड अजून मिळतं. 50 पैशांचं नाणं मात्र इंदुरात भाजीवालाही घेत नाही. त्या कार्डाचा खर्च खात्याला कितीतरी पट जास्त येतो, हे मला कळतं. त्याचा दर वाढवा म्हटलं तर माझी हरकत नाही. मी तर लगेच देईन. पण दर ठेवायचा 50 पैसे आणि सेवाही 50 पैशांचीच द्यायची, यात गरिबाची काय सोय झाली?

पुस्तकांचंही तेच. 18 डिसेंबर 2024 ला रजिस्टर्ड बुक पोस्ट अचानक बंद झालं, छोट्या प्रकाशकांची तारांबळ उडाली. मग 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट आलं: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, जमिनीवरून जाणार, आणि माग काढता येणार. चांगली योजना आहे, खोटं कशाला बोला. फक्त जाहिराती असलेल्या छापील मजकुराला तिच्यात जागा नाही, आणि जाहिराती नसलेला दिवाळी अंक मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा आमच्या कॉलनीतल्या वाचनालयाच्या बैठकीत या वर्षी विषय निघाला की अंक सरळ बसने मागवावेत. पुण्यात कुणीतरी एकगठ्ठा घेऊन ड्रायव्हरकडे द्यायचे. बहुमत त्याच बाजूचं. आधीच एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस सभा होऊन, चहा-बिस्किटं संपून, ठराव लिहून झाल्यावर आल्याने सभासद चिडलेले होते. मी विरोधात मत दिलं. अंकांवर नाही, पण पत्रांवर आमचं अडतंच: पतसंस्था, विमा, गावाकडची सात-बाराची नोटीस, आणि ज्यांच्याकडे मोबाइल असून नसल्यासारखा आहे अशी म्हातारी माणसं. आपण सगळे बसकडे वळलो तर साधं टपाल उशिरा येतं हे सांगायलाही कुणी उरणार नाही. मत पडलं, ठराव मंजूर झाला, अंक बसनेच येणार आहेत. लोकशाही आहे.

मी मात्र नानांची फाइल काढली. टपालखात्याची डाक अदालत दर तिमाहीला भरते. वर्तमानपत्रात सूचना येते, अमुक तारखेपर्यंत लेखी तक्रार पाठवा. तिच्यासाठी फुलस्केपवर, समास सोडून लिहिलं. मागणी एकच: साध्या टपालाला नंबर नको, ट्रॅकिंग नको, भरपाई नको, ज्या दिवशी थैली इंदुरात उघडेल त्या दिवसाचा वाचता येईल असा शिक्का पाठीवर मारा. शिक्का आहे, शाई आहे, मारायला माणूसही आहे. एवढं झालं की पुण्याला बोलायचं की इंदूरला, ते आमचं आम्ही बघू.

पुरावा म्हणून लिफाफे जोडायचे होते. मूळ लिफाफे हातचे सोडायचे नाहीत ही नानांची शिकवण, म्हणून झेरॉक्स काढायला गेले. दुकानातल्या मुलाने पहिला कागद मशीनमधून बाहेर ओढला, उलटसुलट करून पाहिला.

"आंटी, ये तो कोरा आ रहा है. उल्टा रख दिया क्या?"

"नहीं बेटा, यही साइड चाहिए. सबकी यही साइड निकालना."

त्याने सगळ्यांची काढली. पैसे घेताना मात्र जरा संकोचला.

"पूरे लूँ?"

"पूरे लो," म्हटलं, आणि तक्रार स्पीड पोस्टाने पाठवली.